परदेशातून मागणी आली तर: बडोद्यातल्या घरांसाठी प्रत्यार्पणाची वाट

दांडिया बाजारातल्या माझ्या ऑफिसात प्रत्यार्पणाचं प्रकरण घेऊन कुणी आलं की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "वकीलसाहेब, आमच्या मुलाने काही केलेलंच नाही हो." मी ऐकून घेतो. मग सांगतो, काका, हे खरं असेलही, पण आत्ता ते खिशात ठेवा. ते वाक्य जिथे चालतं ते कोर्ट सातासमुद्रापलीकडे आहे. इथल्या दंडाधिकाऱ्यापुढे प्रश्न एवढाच असतो की या माणसाला खटल्यासाठी तिकडे पाठवायचं की नाही. ही गोष्ट पचायला वेळ लागतो, आणि तोवर पहिले दोन महिने अन् बरेचसे पैसे चुकीच्या दारावर धडका देण्यात गेलेले असतात.

बडोद्यात हा विषय वाटतो तितका लांबचा नाही. रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत घरटी कुणी ना कुणी न्यू जर्सीत, लंडनच्या उपनगरात नाहीतर दुबईत आहे, आणि मराठी घरं त्यात मागे नाहीत. तिकडच्या धंद्यातला हिशेब बिघडतो, घटस्फोटात मुलाच्या ताब्यावरून वाद पेटतो, कुणी विमा नाहीतर कर्जाच्या प्रकरणात अडकतो आणि गुपचूप घरी निघून येतो. मग एक दिवस विमानतळावर पासपोर्ट पाहणारा अधिकारी म्हणतो, "जरा बाजूला थांबा."

गंमत म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांना प्रत्यार्पण आपल्यापेक्षा जास्त ओळखीचं होतं. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी ब्रिटिश हद्दीत गुन्हा करून गायकवाडी मुलखात शिरलेला माणूस कायद्याने दुसऱ्या राज्यातच आलेला असे. १९०३ च्या प्रत्यार्पण कायद्यात संस्थानांसाठी वेगळं प्रकरण होतं आणि त्यात पोलिटिकल एजंटच्या, म्हणजे संस्थानावर नेमलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या, वॉरंटची रीत सांगितली होती. आज जो कायदा चालतो तो १९६२ चा, १९९३ मध्ये बराच दुरुस्त केलेला. खाली ज्या कलमांचे आकडे येतील ते याच कायद्याचे. वाटल्यास कागदावर उतरवून घ्या, वकिलाशी बोलताना उपयोगी पडतील.

हातात आलेला कागद कोणता, हे आधी ठरवा

लोक "इंटरपोलचं वॉरंट आलंय" म्हणून येतात. इंटरपोल वॉरंट काढत नाही. ल्यों शहरातली ती संस्था सदस्य देशांच्या पोलिसांमध्ये निरोप पोहोचवते. रेड नोटीस म्हणजे "हा माणूस आम्हाला हवा आहे, सापडला तर कळवा आणि कायद्याने शक्य असेल तर अटकेत ठेवा" अशी एका देशाची विनंती. भारतात ही विनंती सीबीआयकडे येते. नुसत्या रेड नोटिशीवर इथल्या पोलिसांना माणूस उचलून परदेशाच्या हवाली करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं. ते प्रकरण अमेरिकेतल्या मुलाच्या ताब्यावरूनच निघालं होतं, म्हणून आपल्याकडच्या आईबापांनी ते लक्षात ठेवावं. नोटीस चुकीची किंवा राजकीय हेतूची वाटत असेल, तर इंटरपोलच्या फायलींवर देखरेख करणाऱ्या आयोगाकडे थेट अर्ज करता येतो आणि त्याला फी नाही. मात्र अर्ज मंजूर होऊन नोटीस रद्द व्हायला महिने लागतात, आणि नोटीस रद्द झाली म्हणून मूळ मागणी मरत नाही.

लूकआउट सर्क्युलर ही आणखी वेगळी चीज. ती भारताची, भारतापुरती. विमानतळावर अडवायला पुरेशी, पण प्रत्यार्पणाशी तिचा संबंध असेलच असं नाही. तिला आव्हान उच्च न्यायालयात द्यायचं असतं.

तिसरा घोळ हद्दपारीचा. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने लष्करी विमानाने जे १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले त्यांत ३३ गुजरातचे होते. तेव्हा माझ्याकडे दोन फोन आले की "प्रत्यार्पण झालेल्यांवर इथे खटला चालणार का?" ते प्रत्यार्पण नव्हतंच. कागदपत्रांशिवाय राहिलेल्या परक्या माणसाला देशाबाहेर काढणं हा त्या सरकारचा प्रशासकीय अधिकार. प्रत्यार्पणात एक राज्य दुसऱ्याकडे विशिष्ट गुन्ह्यासाठी विशिष्ट माणूस मागतं. भारतात हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच, एका जर्मन नागरिकाच्या प्रकरणात स्पष्ट केला. व्यवहारात मात्र सरकारं कधी कधी हद्दपारीच्या सोप्या वाटेने प्रत्यार्पणाचं काम उरकतात. त्यामुळे आदेशावर कोणत्या कायद्याचं नाव आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चौथा कागद फरार आर्थिक गुन्हेगार जाहीर करण्याचा. २०१८ चा हा कायदा १०० कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकरणांसाठी आहे आणि त्याचा रोख मालमत्ता जप्त करण्यावर आहे. आपल्याच शहरातल्या एका औषध उद्योगाच्या मालकांवर तो २०२० मध्ये चालला. सामान्य घराला त्याची भीती बाळगायचं कारण नाही.

आणि पाचवा, जो कागदच नसतो: व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस म्हणतो, तुमच्या नावाने परदेशात पार्सल सापडलंय, इंटरपोल तुमचं प्रत्यार्पण मागतंय, तोवर तुम्ही "डिजिटल अरेस्ट"मध्ये आहात. असा कुठलाच कायदा नाही. फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार करा. मागच्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकेने याच शब्दांना घाबरून ठेव मोडली होती.

खऱ्या प्रत्यार्पणाचे कागद मुख्यतः दोन: परराष्ट्र मंत्रालयाच्या आदेशावरून निघालेलं अटक वॉरंट (कलम ५ आणि ६), किंवा घाईच्या मागणीवरून निघालेलं तात्पुरतं वॉरंट (कलम ३४ ब). याखेरीज माहिती मिळाल्यावर दंडाधिकारी कलम ९ खाली स्वतःही वॉरंट काढू शकतो. तुमच्या हातात यांपैकी काय आहे यावर पुढचं सगळं कॅलेंडर अवलंबून आहे.

अटकेचा दिवस

समजा वॉरंट दिल्लीचं आहे आणि माणूस मांजलपूरला सापडला. आधी त्याला इथल्या, म्हणजे दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात उभं करून प्रवासापुरती कस्टडी मागतील आणि मग दिल्लीला नेतील. घरच्यांना वाटतं इथे काही होणार नाही, सगळं दिल्लीत. चूक. पहिल्या चोवीस तासांतल्या नोंदीच पुढे उच्च न्यायालयात कामाला येतात.

घटनेचं कलम २२ इथेही लागू आहे आणि ते परदेशी नागरिकालाही मिळतं: अटकेची कारणं कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं जाण्याचा हक्क. घरच्यांपैकी किंवा मित्रांपैकी एकाला कळवणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४८ मध्ये आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. इथे एक बडोदेकरी बारकावा. पोलिसांचा कागद गुजरातीत येतो, आणि आपण पिढ्यान्पिढ्या इथे असल्यामुळे "समजतं, समजतं" म्हणून सही करून टाकतो. बाजारात भाव करण्याइतकी गुजराती येणं वेगळं आणि आरोपपत्राची गुजराती वेगळी. नीट वाचता येत नसेल तर तसं लिहून सही करा.

त्या दिवशी वकिलाने तीनच गोष्टी मागाव्यात: वॉरंटची नक्कल, मागणी करणाऱ्या देशाच्या विनंतीची नक्कल किंवा निदान तिचा क्रमांक आणि तारीख, आणि कोर्टाच्या रोजनाम्यात अटकेची नेमकी वेळ. बाकीचं भाषण दुसऱ्या दिवसासाठी ठेवावं. पैशांची अडचण असेल तर कस्टडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे; जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टातच असतं आणि १५१०० हा क्रमांक देशभर चालतो.

पकडलेला माणूस परदेशी नागरिक असेल तर त्याच्या वकिलातीला कळवायला सांगा. इथे ओसीआय कार्डवाल्या (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) घरांचा नेहमी घोटाळा होतो. मुलाने अमेरिकेचा पासपोर्ट घेतला की तो कायद्याने भारतीय राहत नाही, कार्ड असलं तरी. इथे पकडला गेला तर धावत येण्याचा हक्क अमेरिकी वकिलातीचा. तिकडे पकडला गेला तर भारतीय वकिलातीला त्याच्यासाठी फारसं काही करता येत नाही.

घड्याळं चार आहेत

तात्पुरत्या अटकेनंतर ६० दिवसांत परदेशाची रीतसर विनंती आली नाही तर सोडावं लागतं. कलम ९ खालची अटक असेल तर केंद्राचा चौकशीचा आदेश तीन महिन्यांत यायला हवा. दंडाधिकाऱ्याने तुरुंगात पाठवलं की त्या तारखेपासून १५ दिवस तरी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि दोन महिन्यांत नेलं नाही तर केंद्राला नोटीस देऊन उच्च न्यायालयाकडे सुटका मागता येते. सरकारला उशिराचं पुरेसं कारण द्यावं लागतं.

या चार तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. मी हे शब्दशः सांगतो. एका घरात साठावा दिवस गणपतीत पडला होता, सगळे आरतीच्या गडबडीत, आणि बाहेरगावच्या वकिलालाही आठवलं नाही. एकसष्टाव्या दिवशी विनंती आली आणि बासष्टाव्या दिवशी नवा आदेश. साठाव्या दिवशी सकाळी अर्ज ठेवला असता तर काय झालं असतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

जामीन बंद नाही. कलम २५ म्हणतं की जामिनाचे नेहमीचेच नियम लागतील आणि दंडाधिकाऱ्याला या कामापुरते सत्र न्यायालयाचे अधिकार असतील. पण सरकारी वकील पहिल्या मिनिटाला म्हणणार, "हा एकदा पळालाय, पुन्हा पळेल." त्याचं उत्तर भावनेत देऊ नका. पासपोर्ट जमा करा, वडोदऱ्यातल्या घराचे कागद, आईच्या आजारपणाची फाइल, मुलांच्या शाळेचा दाखला, दर आठवड्याला हजेरीची तयारी हे पुढे ठेवा. आणि तो "पळाला" नसेल, उघडपणे नोकरी सोडून तिकीट काढून आला असेल, तर ते तिकीट शोधून काढा. ते तिकीट सोन्याच्या मोलाचं.

करार वाचल्याशिवाय मत देणाऱ्यावर विश्वास नको

भारताचे सुमारे ४८ देशांशी प्रत्यार्पण करार आहेत आणि आणखी डझनभर देशांशी व्यवस्था आहे. मजकूर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. ब्रिटनशी करार १९९२ चा, अमेरिकेशी १९९७ चा, अमिरातींशी १९९९ चा. करार नसला तरी एखाद्या आंतरराष्ट्रीय अभिसंधीच्या, म्हणजे अनेक देशांनी मिळून केलेल्या कराराच्या, आधारे मागणी होऊ शकते, म्हणून "आपला त्या देशाशी करारच नाही, निर्धास्त राहा" असं सांगणाऱ्या नातेवाइकाला चहा पाजून निरोप द्या.

करारात काय शोधायचं? आधी दुहेरी गुन्ह्याची अट. जे कृत्य तिकडे गुन्हा आहे ते इकडेही गुन्हा हवं, आणि शिक्षा ठरावीक मर्यादेची हवी. अमेरिकेच्या करारात ती एक वर्षाहून जास्त आहे. नाव वेगळं असलं तरी चालतं, कृत्य पाहिलं जातं. मुलाच्या ताब्याच्या भांडणात हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. स्वतःच्या मुलाला घेऊन येणं अमेरिकेत अपहरण ठरू शकतं. आपल्याकडे पालकत्वाचा कायदा आणि कोर्टाचा आधीचा आदेश काय म्हणतो त्यावर सगळं फिरतं. पालकाने परदेशी नेलेल्या मुलांबाबतच्या १९८० च्या हेग अभिसंधीवर भारताची सही नाही, हेही इथे लक्षात ठेवायचं.

नंतर नागरिकत्वाचं कलम. अमेरिकेच्या करारात आपला नागरिक आहे म्हणून नाकारता येत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. अमिरातींच्या करारात याच्या उलट: स्वतःचा नागरिक द्यायचा नाही, आपल्याकडेच खटला भरायचा. भारताच्या कायद्यात कलम ३४ अ त्यासाठीच आहे. म्हणजे "पाठवणार नाही" याचा अर्थ "सुटला" असा होत नाही.

मग नाकारण्याची कारणं. राजकीय स्वरूपाचा गुन्हा, तिकडच्या कायद्याने मुदतबाह्य झालेली फिर्याद, एकाच कृत्यासाठी आधीच झालेला निकाल, फाशीची शक्यता. दहशतवाद आणि खून बहुतेक नव्या करारांत "राजकीय" म्हणून चालत नाहीत, तेव्हा त्या दारावर डोकं आपटू नका. मुदतीचा मुद्दा मात्र कुणी पाहतच नाही, कारण त्यासाठी तिकडच्या वकिलाचं लेखी मत लागतं आणि त्याला डॉलरमध्ये फी द्यावी लागते. माझं मत: पैसा खर्चायचाच असेल तर या लेखी मतावर खर्चा.

पटियाला हाउसमधली चौकशी

चौकशी बहुधा दिल्लीत पटियाला हाउस न्यायालयात होते. बडोद्याच्या माणसाला राजधानी एक्सप्रेसचं वेळापत्रक तोंडपाठ होतं: रात्री बसायचं, सकाळी दिल्ली, दहाला कोर्ट. बऱ्याचदा पुढची तारीख घेऊन त्याच रात्री परत.

चौकशीत दंडाधिकारी पाहतो प्रथमदर्शनी प्रकरण आहे का. तिकडचे साक्षीदार इथे येत नाहीत. रीतसर शिक्का मारलेले जबाब आणि कागद कलम १० प्रमाणे तसेच पुरावा म्हणून घेतले जातात, उलटतपासणी होत नाही. हे लोकांना फार अन्यायाचं वाटतं, आणि काही अंशी आहेच. पण लढाई कुठे आहे ते ओळखा. कागद खरोखर प्रमाणित आहेत का? जबाबात नाव आणि जन्मतारीख तुमच्याच माणसाची आहे का? फोटो जुळतो का? सांगितलेल्या हकीकतीत गुन्ह्याचे सगळे घटक आहेत का, की पैशांच्या दिवाणी वादाला फौजदारीचा मुलामा दिलाय? बनावट आरोप ओळखण्यासाठी कधी कधी आर्थिक कागदपत्रांतली एक तारीख पुरते.

कलम ७ तुम्हालाही पुरावा देण्याचा हक्क देतं, विशेषतः गुन्हा राजकीय आहे किंवा प्रत्यार्पणयोग्य नाही हे दाखवायला. तो हक्क वापरा, पण मोजून. वीस शेजाऱ्यांची "मुलगा सज्जन आहे" अशी प्रतिज्ञापत्रं दाखल करणारे वकील मी पाहिलेत. दंडाधिकारी ती चाळतही नाही.

काही माणसं लढत नाहीत, आणि तोही एक मार्ग आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर झालेल्या एका खुनाच्या प्रकरणात २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीत अटक झालेल्या आरोपीने संमती दिली आणि २०२३ च्या मार्चमध्ये तो तिकडे पोहोचला. उलट तहव्वुर राणा अमेरिकेत लढत राहिला. २०२० पासून २०२५ च्या एप्रिलपर्यंत, आणि तो सगळा काळ कोठडीत. संमती द्यायची असेल तर आधी विचारा की त्यामुळे विशेषतेचा नियम सुटतो का. काही देशांत सुटतो. हा नियम काय ते खाली येईल.

मंत्रालय: विसरलं जाणारं दार

दंडाधिकाऱ्याने प्रकरण आहे असं ठरवलं तरी माणूस लगेच विमानात बसत नाही. अहवाल केंद्र सरकारकडे जातो, आणि पाठवायचं की नाही हे अखेर सरकार ठरवतं. याच वेळी कलम ७ मधली एक ओळ कामाला येते: आरोपीला सरकारपुढे ठेवण्यासाठी लेखी निवेदन द्यायचं असेल तर दंडाधिकाऱ्याने ते अहवालासोबत पाठवायचं असतं. किती वकील हे निवेदन देतात? फार थोडे. निकाल विरुद्ध गेल्याच्या धक्क्यात सगळे उच्च न्यायालयाकडे पळतात आणि हा कागद राहून जातो.

कलम २९ सरकारला मोठा अधिकार देतं. प्रकरण क्षुल्लक असेल, मागणी प्रामाणिक हेतूने केलेली नसेल, न्यायाच्या दृष्टीने पाठवणं अन्यायाचं किंवा अयोग्य असेल, तर सरकार सोडून देऊ शकतं. म्हणजे कोर्टात जे बोलता येत नव्हतं त्यातलं बरंचसं इथे बोलता येतं: आजारपण, म्हातारे आईबाप, वीस वर्षांपूर्वीची घटना, तिकडच्या भागीदाराने सूड म्हणून दिलेली फिर्याद. निवेदन चार पानांचं असावं, शेवटी पुराव्यांची यादी असावी, आणि त्यात नाटकीपणा नसावा. वाचणारा अधिकारी दिवसभर असलेच कागद वाचत असतो. आणि हो, "तो निर्दोष आहे" हे वाक्य या कागदातही शेवटी, एकदाच.

दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध या कायद्यात वेगळं अपील नाही. रिट याचिकेची वाट आहे, आणि चौकशी दिल्लीत झाली असेल तर ती बहुधा दिल्ली उच्च न्यायालयात. ते १५ दिवस त्यासाठीच आहेत. उच्च न्यायालय पुरावा पुन्हा तोलत बसत नाही. प्रक्रिया चुकली का, अधिकार नव्हता का, घटनेतला हक्क मोडला का, एवढंच पाहतं.

उलट दिशेने: आपला माणूस तिकडे पकडला गेला तर

इथून मागणी गेली आणि माणूस लंडनला सापडला तर प्रकरण वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट्स कोर्टात चालतं. न्यायाधीश दुहेरी गुन्हा, प्रथमदर्शनी पुरावा आणि मानवी हक्क पाहतो, मग फाइल गृहमंत्र्यांकडे जाते, नंतर १४ दिवसांत हायकोर्टाकडे परवानगी मागायची. मल्ल्यांच्या प्रकरणात आर्थर रोड तुरुंगातल्या १२ नंबरच्या बराकीचा व्हिडिओ लंडनच्या कोर्टाने पाहिला. तुरुंगात प्रकाश किती, हवा किती, यावर तिकडे दिवसच्या दिवस युक्तिवाद होतात. २०२५ च्या फेब्रुवारीत तिहारमधल्या धोक्याच्या कारणावरून लंडनच्या हायकोर्टाने एका शस्त्रव्यवहार सल्लागाराला पाठवायला नकार दिला. डेन्मार्कने २०११ मध्ये पुरुलिया शस्त्रप्रकरणातल्या आरोपीबाबत असंच केलं होतं.

आपल्या भागातलं उदाहरणही आहे. आणंद जिल्ह्यातल्या ओड गावच्या २००२ च्या हत्याकांडातला एक आरोपी २०१६ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमधून आणला गेला. १९९२ च्या करारानंतर तिकडून भारतात झालेलं ते पहिलं प्रत्यार्पण. त्याने विरोध केला नव्हता.

अमेरिकेत थेट अपील नाही. मॅजिस्ट्रेट जजने प्रमाणपत्र दिलं की हेबियस कॉर्पस, म्हणजे कोठडीच बेकायदा आहे असा अर्ज, आणि शेवटचा शब्द परराष्ट्रमंत्र्याचा. जामीन अगदी क्वचित मिळतो. वकील परवडत नसेल तर तिथे फेडरल पब्लिक डिफेंडर आणि ब्रिटनमध्ये ड्यूटी सॉलिसिटर मागता येतो. हिंदी, गुजराती किंवा मराठी दुभाष्याही मागा, तिथे ते अगदी नेहमीचं आहे.

भारतीय पासपोर्टवाल्याने पहिल्याच दिवशी म्हणावं: "माझ्या वकिलातीला कळवा." १९६३ च्या व्हिएन्ना अभिसंधीचं कलम ३६ हा हक्क देतं. कुलभूषण जाधवांच्या प्रकरणात २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानवर याच कलमाच्या भंगाचा ठपका ठेवला. घरच्यांनी इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नोंद करावी आणि नोंदीचा क्रमांक जपून ठेवावा.

नेल्यानंतर

इथे तो विशेषतेचा नियम येतो. ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला त्याच गुन्ह्यासाठी, किंवा त्याच हकीकतीतून सिद्ध होणाऱ्या कमी गंभीर गुन्ह्यासाठी खटला चालवता येतो. आणखी काही लादायचं तर पाठवणाऱ्या देशाची संमती हवी. आपल्या कायद्यात हे कलम २१ मध्ये आहे आणि अमेरिकेतून आणलेल्या एका आरोपीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ते ठामपणे लागू केलं. शिक्षेच्या मर्यादेचंही तसंच. अबू सालेमला पोर्तुगालकडून २००५ मध्ये आणताना भारताने शब्द दिला होता की फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगवास नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्या शब्दाशी बांधून ठेवलं. फाशी नसलेल्या देशातून आणलेल्या माणसाला कलम ३४ क प्रमाणे जन्मठेपेपुढची शिक्षा होत नाही.

म्हणून ज्या दिवशी माणूस विमानात बसतो त्या दिवशी घरच्यांचं काम संपलं असं समजू नका. पाठवणाऱ्या देशाचा अंतिम आदेश, त्यात नमूद गुन्ह्यांची यादी, दिलेली हमीपत्रं आणि तिकडे कोठडीत काढलेल्या दिवसांचा दाखला, या चारांच्या प्रमाणित नकला तिकडच्या वकिलाकडून मागवून घ्या आणि इकडच्या वकिलाच्या हाती द्या. हे कागद नंतर मागायला गेलं की फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते आणि तिकडचा वकील फोन उचलत नाही.